निरगुडे सरांचा ऑनलाइन वर्ग

एका गावात एक भोळा प्राध्यापक होता. गावाचं नाव तळेघाट आणि प्राध्यापकाचं नाव वामन निरगुडे. आता खोटं कशाला बोलू, वामन निरगुडे म्हणजे मीच. पण स्वतःची फजिती 'मी मी' करत सांगायला जड जातं. दुसऱ्याची म्हणून सांगायला घेतली की कशी भराभर सांगता येते. म्हणून मी त्याला निरगुडे सर म्हणेन. तुम्हीही हसाल तेव्हा निरगुडे सरांना हसा, मला नको.

तर निरगुडे सर तळेघाटच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. सव्वीस वर्षं शिकवत होते. तर्कशास्त्र म्हणजे काय? सर्व शेळ्या पाला खातात. ही शेळी आहे. म्हणून ही पाला खाते. एवढंच. शेळीला हे आधीपासून माहीत असतं, पण विद्यार्थ्यांना त्याचे पाच मार्क मिळतात.

सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे सरांना कोणतीही गोष्ट 'सर्व' लावूनच ऐकू यायची. एकदा त्यांची बायको कुमुद म्हणाली होती, "बाहेर ढग आहेत, छत्री घेऊन जा." सर डिसेंबरपर्यंत छत्री घेऊन फिरले.

पुढे विद्यापीठानं नोकरी करणाऱ्या माणसांसाठी बी.ए.चे वर्ग ऑनलाइन सुरू केले. सरांच्या वाट्याला अकरा विद्यार्थी आले. कोणी नर्स, कोणी पोस्टमन. यासीन मुलाणी खाजगी बसवर कंडक्टर होता. भिकाजी पवळ्यांचं स्टँडसमोर सलून होतं. आणि अंगणवाडी सेविका अंजना कोळपे. अंजनाताईंचं वय चव्वेचाळीस. दोन मुलांची लग्नं करून त्या बी.ए.ला बसल्या होत्या. पदवी मिळाली तर त्या पर्यवेक्षिका होणार होत्या. पण त्यासाठी हे शेवटचंच वर्ष होतं, पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं.

"सर, तेवढा एक पेपर राहिलाय तर्कशास्त्राचा," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तुमच्याच भरवशावर आहे."

सर म्हणाले, "काळजी करू नका." माणसानं असं बोलू नये.

सरांना ऑनलाइन शिकवता यावं म्हणून कॉलेजनं लोंढे मॅडमना नेमलं. मॅडम कॉम्प्युटर शिकवायच्या. वयानं सरांच्या मुलीएवढ्या, आणि स्वभावानं इतक्या शांत, की सरांना वाटायचं या बाईंना कधी रागच येत नसेल. त्यांनी सरांना लॅपटॉप उघडायला शिकवलं. ऑनलाइन वर्गाची एक जादा चावी, पासवर्डच तो, अंजनाताईंनाही देऊन ठेवायला लावली. म्हणजे तळेघाटची लाइट गेली आणि सर गडप झाले, तर वर्ग अंजनाताईंच्या हाती राहील.

पहिला वर्ग झाला. सर घरातून शिकवत होते. सर म्हणाले, "सर्व विधानांचे दोन प्रकार पडतात." मागून कुमुद म्हणाली, "त्या डब्यातली हळद तुम्ही कुठं सांडलीत?" मग कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मग दारावर लसूणवाला आला. कुमुदनं त्याच्याशी घासाघीस केली. अकरा विद्यार्थ्यांनी लसणाचा भाव लिहून घेतला.

लोंढे मॅडम म्हणाल्या, "सर, घरातला आवाज सगळ्यांना जातो. वर्गात आपला माइक बंद ठेवावा."

सरांनी वही काढली आणि लिहून घेतलं. सूत्र पहिले: वर्गात माइक बंद. सर लिहिलेलं कधी विसरत नसत. तीच तर खरी पंचाईत होती.

दुसऱ्या वर्गात सरांनी माइक बंद केला आणि शिकवायला लागले. पाऊण तास शिकवलं. काय शिकवलं! हातवारे काय, उदाहरणं काय. स्वतःच्या एका विनोदावर ते स्वतः हसलेसुद्धा. पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी लाल लाल उड्या मारत होतं. सरांना वाटलं, बॅटरी असेल. एवढा शांत वर्ग सव्वीस वर्षांत मिळाला नव्हता, म्हणून त्यांना भरून आलं.

ते लाल लाल म्हणजे विद्यार्थ्यांचे चौसष्ट निरोप होते. सगळ्यांचा मजकूर एकच होता: सर, आवाज येत नाही. चौसष्टावा निरोप भिकाजींचा होता. त्यांनी लिहिलं होतं, 'सर, आवाज नाही, पण डाव्या कानावर केस वाढलेत.'

लोंढे मॅडम म्हणाल्या, "सर, माइक बंद ठेवायचा तो आपण बोलत नसताना. बोलताना सुरू करायचा. आणि बोलण्याआधी विचारायचं, माझा आवाज येतोय का? दोन-तीन जणांनी हो म्हटलं की मगच पुढं बोलायचं."

"दोन की तीन?" सरांनी विचारलं.

"तीन धरा, सर."

सरांनी वही काढली आणि लिहून घेतलं. सूत्र दुसरे: तिघांनी हो म्हटल्याशिवाय बोलू नये.

त्याच आठवड्यात कॉलेजचे जुने शिपाई ढगेमामा वारले. तीस वर्षं त्यांनी कॉलेजची घंटा वाजवली होती. सभागृहात शोकसभा झाली. समोर मामांचा हार घातलेला फोटो, पहिल्या रांगेत त्यांच्या घरची माणसं. प्राचार्य थोरवे म्हणाले, "आता निरगुडे सर दोन शब्द बोलतील."

सर उठले. घसा साफ केला. आणि म्हणाले, "माझा आवाज येतोय का?"

शोकसभेत कोण उत्तर देणार? सगळे मान खाली घालून बसले होते. सर थांबले. एक मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. लोकांना वाटलं, सरांचा कंठ दाटून आलाय. दोघीतिघी बायका पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. शेवटी ढगेमामांचे थोरले बंधू हळूच म्हणाले, "हो, येतोय."

सर म्हणाले, "एक झालं. अजून दोघं हवेत."

थोरवे सरांनी त्यांचा शर्ट मागून ओढला तेव्हा सर खाली बसले. दोन शब्द राहूनच गेले.

लोंढे मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग उघडले. म्हणाल्या, "सर, ते ऑनलाइनसाठी होतं. माणसं समोर असली की त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. चेहरा दिसला की माणूस हजर आहे हे कळतं. विचारावं लागत नाही."

सरांनी वही काढली आणि लिहून घेतलं. सूत्र तिसरे: ज्याचा चेहरा दिसला तो हजर.

पुढच्या वर्गात सरांनी फर्मान काढलं. "प्रत्येकानं कॅमेरा लावा. चेहरा दिसेल त्याचीच हजेरी."

"सर, मी ड्युटीवर आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"चेहरा," सर म्हणाले.

"सर, गिऱ्हाईक खुर्चीत आहे," भिकाजी म्हणाले.

"चेहरा."

सगळ्यांनी कॅमेरे लावले. नर्सबाईंच्या मागे सलाइन लावलेले तिघे उठून बसले. पोस्टमनच्या मागून कोणाचं तरी कुत्रं धावत येत होतं. भिकाजींच्या खुर्चीत गालाला साबण लावलेला एक गृहस्थ होता. सरांनी भिकाजींना प्रश्न विचारला तेव्हा भिकाजींनी वस्तरा खाली ठेवून विचार केला. विचार संपेना. गृहस्थ एका गालाची दाढी करून निघून गेले, कारण त्यांना साखरपुड्याला पोचायचं होतं.

यासीननं तर मोबाइल बसच्या पुढच्या कठड्याला टेकवून ठेवला होता. त्यात अख्खी बस दिसत होती. सरांनी सूत्र पाहिलं. ज्याचा चेहरा दिसला तो हजर. मग काय, सर मोजायला लागले. खिडकीतल्या आजी हजर. कडेवरचं मूल हजर. मागच्या बाकावर झोपलेल्या माणसाचा चेहरा टोपीखाली होता. सर म्हणाले, "यासीन, त्यांची टोपी काढ." यासीननं काढली. तोही हजर. बसमध्ये बेचाळीस प्रवासी होते. सरांनी प्रामाणिकपणे विद्यापीठाला कळवलं: पटावर अकरा, हजर त्रेपन्न.

नर्सबाईंचे पेशंट सरांनी धरले नाहीत. त्यांनी अंगावरची चादर डोक्यावरून ओढून घेतली होती.

आठ दिवसांत विद्यापीठाचं पत्र आलं. अकरा जणांच्या वर्गात त्रेपन्न जण हजर कसे, याचा खुलासा करावा. गुरुवारी अकरा वाजता तीन सदस्यांची समिती ऑनलाइन वर्गात येईल. समितीचं समाधान झालं नाही तर तळेघाटचा वर्ग बंद करण्यात येईल.

सरांनी पत्र वर्गात वाचून दाखवलं. समितीची तिन्ही नावंसुद्धा वाचली. वर्ग संपल्यावर अंजनाताईंचा फोन आला.

"सर, इथला वर्ग बंद झाला तर पुढचं केंद्र जिल्ह्याला. सत्तर किलोमीटर. पोरांना खिचडी वाढून मी कशी पोचणार? माझं वर्ष गेलं की गेलंच. तुम्ही रागावू नका, पण गुरुवारी तेवढं जपून."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना जेवण गेलं नाही. लोंढे मॅडमकडे जाऊन ते म्हणाले, "मॅडम, या खेपेला सगळं नीट सांगा. मी तसंच करीन."

"तीच तर भीती आहे, सर," मॅडम म्हणाल्या. पण सांगितलं. "एक, कामावर असणाऱ्यांना कॅमेरा लावायला सांगू नका. वर्गाचं रेकॉर्डिंग करून ठेवा, म्हणजे ज्याला जमलं नाही तो नंतर बघेल. एकच गोष्ट तुम्हाला दहादा सांगावी लागणार नाही. दोन, पटाची यादी समोर ठेवा. यादीत नाव नाही त्याला वर्गात घ्यायचं नाही. चुकून आत आला तर बाहेर काढायचं."

"कोणीही असो?"

मॅडम दमल्या होत्या. म्हणाल्या, "कोणीही असो."

सरांनी वही काढली आणि लिहून घेतलं.

रेकॉर्डिंगचा प्रयोग सरांनी आधी घरीच केला. कुमुद रोज सकाळी विचारायची, "आज भाजी कसली करू?" सर रोज म्हणायचे, "कर काहीही." हे दहादा सांगायची काय गरज? सरांनी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. सकाळी कुमुदनं विचारलं तेव्हा बटण दाबलं. मोबाइल म्हणाला, "कर काहीही." तिनं विचारलं, "मीठ संपलंय, आणता का?" मोबाइल म्हणाला, "कर काहीही." तिनं विचारलं, "माझी बहीण येणारय संध्याकाळी, राहू दे ना चार दिवस?" मोबाइल म्हणाला, "कर काहीही."

दुपारी सर पानावर बसले. ताट रिकामं होतं. ताटात कुमुदनं स्वतःचा मोबाइल ठेवला. त्यात पिठलं घोटतानाचं रेकॉर्डिंग चालू होतं.

"कालचंच आहे," ती म्हणाली. "रोज रोज काय तेच करायचं?"

मेहुणी चार दिवस राहिली.

गुरुवार उजाडला. सरांनी अंघोळ करून धुतलेला शर्ट घातला. समोर पटाची यादी ठेवली, शेजारी वही. अकराला दहा कमी असताना वर्ग उघडला. माइक सुरू केला. "माझा आवाज येतोय का?" अकराही जण हो म्हणाले. सरांनी रेकॉर्डिंग लावलं. कोणाला कॅमेरा लावायला सांगितलं नाही. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं.

अकराला पडद्यावर नाव आलं: डॉ. उपासनी. सरांनी यादी पाहिली. उपासनी नव्हते. सरांनी त्यांना बाहेर काढलं.

उपासनी पुन्हा आले. सरांनी पुन्हा काढलं. मग आणखी दोन नावं आली. तीही यादीत नव्हती. काढली. मग प्राचार्य थोरवे आले. सरांना क्षणभर वाईट वाटलं. पण सूत्र म्हणजे सूत्र. काढलं. मग लोंढे मॅडम आल्या. त्यांनाही काढलं. सर मनातून खूश होते. त्रेपन्नचा डाग धुऊन निघत होता.

फोन वाजला. लोंढे मॅडम होत्या.

"सर, तुम्ही मला काढलंत?"

"तुमचं नाव यादीत नाही."

"आणि समितीला?"

"त्यांचंही नाही. चारदा आले, मॅडम. फार चिवट लोक."

मग मॅडमना राग आला. बाईंना राग येतो हे सरांना त्या दिवशी कळलं.

"सर, मग तुमचं तरी नाव आहे का त्या यादीत?"

सरांनी यादी पाहिली. वरून खाली पाहिली. खालून वर पाहिली. अकरा नावं होती. वामन निरगुडे हे नाव नव्हतं.

ज्याचं नाव यादीत नाही त्याला वर्गातून काढायचं. निरगुडे यांचं नाव यादीत नाही. म्हणून निरगुडे यांना काढायचं. सरांनी हे मोठ्यानं म्हणून पाहिलं, आणि माइक सुरूच असल्यानं सगळ्या वर्गानं ऐकलं. तर्कात कुठेही फट नव्हती. सव्वीस वर्षांत इतकं चोख अनुमान सरांनी केलं नव्हतं. सरांनी बटण दाबलं आणि स्वतःला बाहेर काढलं.

पडदा पांढरा झाला. त्यावर अक्षरं आली: कृपया थांबा, तुम्हाला आत घेतलं जाईल. सर थांबले. पाच मिनिटांनी मोबाइलवर अंजनाताईंचा निरोप आला.

'सर, चावी माझ्याकडे आहे. समितीला आत घेतलंय. तुम्हाला हात जोडते, तुम्ही अर्धा तास बाहेरच थांबा.'

कुमुद चहा घेऊन आली. "अहो, वर्ग नाही का आज?"

"चाललाय."

"कोण शिकवतंय?"

"वर्गच."

कुमुदनं कप खाली ठेवला आणि शेजारी बसली. सरांना पहिल्यांदाच कळलं, की अंजनाताईंचं वर्ष आपण आपल्याच बोटानं बाहेर काढलं असतं. चहा बशीत सांडला.

आत काय झालं ते सरांनी नंतर रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं. अंजनाताई समितीला म्हणाल्या, "सर बाहेर आहेत. आम्ही पुढं चालू करतो. आजचा विषय आहे, सरांनी स्वतःला का काढलं?"

भिकाजी म्हणाले, "तर्क बरोबर होता."

यासीन म्हणाला, "तर्क बरोबर, पण गाडीच चुकीची पकडली. तिकीट प्रवाशानं काढायचं असतं. मी गाडीतून मला उतरवतो का?"

"तेच," अंजनाताई म्हणाल्या. "यादी विद्यार्थ्यांची. नियमही विद्यार्थ्यांपुरता. सरांनी त्याला 'सर्व' लावलं. पुढची पायरी न पायरी बरोबर आहे, पण पहिलंच वाक्य खोटं आहे. माझ्या अंगणवाडीत चार वर्षांच्या पोरालाही कळतं, हजेरीत बाईंचं नाव नसतं."

उपासनी खो खो हसले. मग पोस्टमननं उदाहरण दिलं, नर्सबाईंनी ते खोडलं. त्रेपन्नच्या हजेरीचा खुलासा यासीननं केला. अर्ध्या तासाऐवजी सव्वा तास वर्ग चालला. सव्वीस वर्षांत निरगुडे सरांचं तर्कशास्त्र पहिल्यांदाच कोणीतरी वापरलं होतं, आणि ते त्यांच्यावरच वापरलं होतं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

महिन्याभरानं विद्यापीठाचं पत्र आलं. वर्ग चालू ठेवण्यात येत आहे. अंजनाताईंनी सरांच्या घरी पेढे पाठवले. पण पत्र तिथं संपत नव्हतं. समितीनं पुढं लिहिलं होतं, की विद्यार्थ्यांनी स्वतः विचार करावा म्हणून शिक्षकानं ऐन वेळी वर्गाबाहेर पडण्याची ही पद्धत अभिनव आहे. तरी प्रा. निरगुडे यांनी आता विद्यापीठाच्या सर्व ऑनलाइन शिक्षकांना डिजिटल कौशल्यांचं प्रशिक्षण द्यावं.

लोंढे मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर डोकं टेकलं. तसंच टेकलेलं ठेवून म्हणाल्या, "सर, नवीन काही सांगू नका. तुम्ही जे केलंत तेवढंच सांगा."

मी वही काढली आणि लिहून घेतलं.

प्रशिक्षणाला एकशेवीस शिक्षक आले. भूगोलाचे, इतिहासाचे, अर्थशास्त्राचे. सगळे वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं शिकवलेले. मी माइक सुरू केला. यादी तपासली. माझं नाव आधीच हातानं लिहून ठेवलं होतं. मग मी केलं होतं तेवढंच सांगितलं, "वर्ग सुरू झाला की शिक्षकानं बाहेर पडावं."

तेही शिक्षकच. त्यांनी वह्या काढल्या, लिहून घेतलं, आणि एकशेवीसच्या एकशेवीस जण बाहेर पडले.

वर्गात मी एकटा उरलो. अजून दोन तास शिकवायचं होतं. आधी नियमाप्रमाणे विचारलं, "माझा आवाज येतोय का?" आणि थांबलो. पडद्यावर माझाच चेहरा होता. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

स्वयंपाकघरातून कुमुद ओरडली, "येतोय हो! सगळ्या आळीला येतोय!"

एक झालं. अजून दोघं हवेत.